स्पासच्या परसातली पाच रोपं

दोल्ना चेश्मा,
१८ मे २००३

प्रिय रुस्का,

तू पाठवलेली कॉफी आणि गुडघ्याचं मलम पोचलं. बसच्या ड्रायव्हरने पिशवी उघडून पाहिली होती असं मला वाटतं, कारण गाठ तू मारतेस तशी नव्हती. कॉफीचं पाकीट मात्र बंद होतं. यापुढे पिशवीत काय काय घातलंस ते चिठ्ठीत लिहीत जा.

पण आज पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. वेलिना नाहीशी झाली आहे. हो, आपली वेलिनाच, कुंपणापलीकडची. ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून ती कुणाला दिसलेली नाही. दोरीवर तिचे कपडे नाहीत, सकाळी कोंबड्यांना हाक नाही. तिचा नवरा तुला ठाऊकच आहे. स्पास गवंडी, दिवसभरात तीन शब्द बोलणारा. मी कुंपणावरून विचारलं, "वेलिना कुठे गेली रे?" तर म्हणाला, "विदीनला गेली. बहिणीकडे." ते तीन शब्द संपले, मग पाठ फिरवून घरात.

आता पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात, पहाटे जेमतेम उजाडलेलं, मी गोठ्याकडे निघाले तर हा माणूस विहिरीशेजारी चर खणतोय. मांडीएवढा खोल! मी पाहतेय हे कळताच कुदळ टेकवून उभा राहिला. "काय लावतोयस?" म्हटलं. "टोमॅटो." रुस्का, ज्या माणसाने जन्मात विटेशिवाय काही लावलं नाही, तो टोमॅटो लावतोय, आणि तेही मांडीएवढ्या खड्ड्यात! वर पाच रोपं उभी केली आहेत. पाचच.

माझा तोदोर गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने घातलेल्या जेवणात तिच्या बरणीतल्या मिरच्या खाऊन चौदा माणसं आडवी झाली आणि नायदेन आजोबा गेले, ते मी तुला कळवलंच होतं. तेव्हापासून तिच्या हातचं कुणी खात नव्हतं. या ईस्टरला तिने गोड पाव घरोघर नेला आणि तसाच परत आणला. तेव्हा घरात भांडणं होत असणार. अशा घरात काय होईल सांगता येत नाही.

तू रोज बाहेर पडतेस का? पायाला जप.

तुझी,
केरा


बारी,
२ जून २००३

प्रिय ताई,

पत्र मिळालं. गाठ मीच घाईत मारली होती, ड्रायव्हरला उगाच दोष देऊ नकोस.

इथे इटलीत सगळं नेहमीसारखं. मी सांभाळते ती म्हातारी, सिन्योरा आस्सुंता, सकाळी मला मुलगी म्हणते आणि दुपारी चोर म्हणते. चमचे मोजून घेते. मी हसते. सोबत पन्नास पानांचं औषधाचं वेळापत्रक आहे, त्यात माझा दिवस संपतो.

वेलिनाचं म्हणशील तर माणूस बहिणीकडे जाऊ शकतो ना? सगळ्या गावाने वर्षभर तोंड फिरवल्यावर कुणीही जाईल. आणि टोमॅटो खोलच लावायचे असतात. खोडाला मातीत मुळं फुटतात. तुझी आईही तसंच लावायची, आठव.

ताई, राग मानू नकोस. पण त्या कुंपणापाशी फार उभी राहू नकोस. तुझ्या गुडघ्याला ते चांगलं नाही.

तुझी,
रुस्का


दोल्ना चेश्मा,
२४ जून २००३

प्रिय रुस्का,

माझ्या आईची रोपं कमरेएवढी व्हायची. गावात सगळ्यांची तेवढीच आहेत. स्पासची आत्ताच त्याच्या डोक्यावर हातभर गेली आहेत, आणि स्पास काही बुटका नाही! बाजूचा एक फुटवा ठेवत नाही, एकच खोड सरळ वर चाललंय. रोज सकाळी कोपऱ्यात गवंड्याची पट्टी लावून उंची मोजतो आणि भिंतीवर खडूने खूण करतो. टोमॅटोची उंची मोजणारा माणूस तू पाहिलास का कधी? दुकानातल्या बायका कौतुकाने बघायला येतात. मला कौतुक वाटत नाही. माती एवढी कशाने माजली, हा माझा प्रश्न आहे.

तीन गोष्टी सांगते, मग तूच ठरव.

पहिली, वास. विहिरीपाशी त्याने एक पिंप ठेवलंय, वर झाकण, झाकणावर दगड. वारा इकडचा असला की मला खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मेलेल्या जनावराचा येतो तसा वास. गावभरची मांजरं त्या पाच रोपांभोवती जमतात आणि माती उकरतात. तो त्यांना पाणी मारून हाकलतो.

दुसरी, रोपं बांधलीत कशाने? सुतळीने नाही. कापडाच्या पट्ट्यांनी. निळ्यावर पांढरी फुलं. रुस्का, तो वेलिनाचा झगा आहे! तोदोरच्या चाळिसाव्याला तिने तोच घातला होता. कात्रीने सरळ कापलाय. बायको परत यायची असेल तर कुणी तिचा झगा कापतं का?

तिसरी. काल मी पोस्टात जाऊन तिच्या बहिणीला विदीनला फोन लावला. बहीण म्हणते, "वेलिना? इथे? ती तर दोन वर्षांत आलेली नाही."

आता बोल.

केरा


बारी,
६ जुलै २००३

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बहिणीला फोन करायला नको होतास. ती बिचारी तिकडे घाबरली असेल.

वासाचं कारण साधं आहे. अंगाला लागला की आग होते तो पाला पाण्यात कुजवतात आणि रोपांना घालतात. त्याच्याइतका घाण वास दुसऱ्या कशालाच नसतो. मांजरं येतात म्हणजे त्याने चरात माशांची डोकी पुरली असतील, धरणावरचे लोक फुकट देतात. आणि मऊ कापडाने बांधलं की खोड कापत नाही. जुना झगा होता, कापला. त्यात काय मोठं?

कधीकधी माणसाला कुठे गेलो ते कुणाला सांगायचं नसतं, ताई. आपण कुठे होतो, काय खाल्लं, कुणाशी बोललो हे सगळं गावाला कळतं, तिथून निघून जावंसं वाटतं. एवढंच असेल.

विहिरीच्या बाजूच्या दोन रोपांची फळं गुलाबी व्हायला लागली का? त्यांना ऊन कमी, ती उशिरा धरतील.

सिन्योराने काल मला मिठी मारली, आणि मग माझे खिसे तपासले.

रुस्का


दोल्ना चेश्मा,
२० जुलै २००३

रुस्का,

मी सगळी पत्रं पुन्हा काढून बसले. पाच रोपं, मांडीएवढा चर, विहिरीशेजारी, हे मी लिहिलं होतं. त्यातली दोन विहिरीच्या बाजूला वेगळी आहेत आणि सावलीत आहेत, हे मी कधीच लिहिलं नव्हतं. तू दोन वर्षांत गावात आलेली नाहीस. तू होतीस तेव्हा तिथे लाकडं रचलेली असायची.

मग तुला कुणी सांगितलं? स्पास तुला पत्र लिहितो का? तुमचं काय चाललंय? झग्याचं, पिंपाचं, माशांच्या डोक्यांचं, प्रत्येकाचं उत्तर तुझ्याकडे तयार! इतकी उत्तरं निर्दोष माणसाकडे नसतात. मी तुझी सख्खी नसले तरी एका ताटात जेवून मोठ्या झालो आपण, आणि तू माझ्यापासून लपवतेस.

रोपं आता वरच्या मजल्याच्या खिडकीला टेकली आहेत. स्पास शिडी लावून चढतो आणि वरच्या फुलांना बोटाने टिचकी मारतो. सहा हात तरी असतील. परवा संध्याकाळी तो शिडीवर उभा राहून एकटाच हसत होता.

मी शहरात जाऊन पोलिसांना सगळं सांगून आले. इन्स्पेक्टर तोन्चेव म्हणून आहे, तरुण आहे पण लक्ष देऊन ऐकतो. बहिणीचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. गुरुवारी माणसं घेऊन येणार आहे. खोदणार आहेत.

तुला काही सांगायचं असेल तर आत्ता सांग.

केरा


बारी,
२९ जुलै २००३

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. गुरुवार होऊन गेला होता. आम्ही लगेच स्पासला फोन लावला. रविवारच्या फोनवर तो काही बोलला नव्हता, "सगळं ठीक" एवढंच. आज विचारल्यावर म्हणाला, "तीन गेली. दोन आहेत."

आम्ही म्हणजे मी आणि वेलिना. ती माझ्यासमोर बसून बटाटे सोलतेय. ईस्टरनंतरच्या बुधवारी ती बसने इथे आली, एक पिशवी घेऊन. पहिले पंधरा दिवस माझ्या खोलीत जमिनीवर झोपली. आता शेजारच्या इमारतीत एका म्हाताऱ्याला सांभाळते. तो तिच्या हातचं सगळं जेवतो, ताटलीसुद्धा पावाने पुसून घेतो. पहिल्या दिवशी ते बघून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

तिने माझ्याकडून शब्द घेतला होता, केराला सांगायचं नाही. स्पासकडूनही तोच घेतला. तिला भीती होती की तू इथल्या लोकांना लिहिशील, ही बाई काय खाऊ घालते ते. मी म्हटलं, ताई असं करणार नाही. तरी तिने शब्द घेतलाच.

टोमॅटोचं सांगते. त्या दोघांना वीस वर्षांत एकमेकांशी बोलायला विषय नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी तिने रोपं त्याच्या हातात दिली. मग दर रविवारी दुपारी ती त्याला फोन करते. पिंपात काय घालायचं, फुटवे कुठून खुडायचे, झगा कापून बांध, मला तो पुन्हा अंगावर घालायचा नाही, हे सगळं तिने त्याला शिकवलं. शेंडा कधी खुडायचा हे त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, थांब, बघू कुठपर्यंत जातात. तो दर रविवारी उंची सांगायचा आणि ती इथे दाराच्या चौकटीवर हात ठेवून मला दाखवायची, "एवढी!" एवढी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. विहिरीकडच्या दोन रोपांचं मला तिथूनच कळलं.

पोलिसांसमोर तो एक वाक्य बोलला असता तर तिन्ही रोपं वाचली असती. त्याने शब्द पाळला. तुझ्यामुळे पाळावा लागला.

वेलिनाला तुला एकच विचारायचं आहे. ती म्हणते, "केरा सगळ्यांना सांगत होती की मिरच्यांना वास येत होता. पण मी बरणी उघडली तेव्हा ती अंगणात होती आणि ताटात तिने मिरची घेतलीच नाही. मग तिला वास कुठून आला?"

मला उत्तर नको. तिला दे.

रुस्का


दोल्ना चेश्मा,
१७ ऑगस्ट २००३

रुस्का,

हे तिलाही वाचायला दे.

तोन्चेव तीन माणसं घेऊन आला. स्पास दारात उभा होता. "बायको कुठे आहे?" "गेली." "कुठे?" "तिचं तिला विचारा." मी कुंपणाशी होते आणि मला, खरं सांगते, समाधान वाटत होतं. पहिलं रोप त्यांनी बुंध्यात कुदळ घालून पाडलं. ते एवढं उंच होतं की पडताना खिडकीची फळी घेऊन आलं. कच्ची फळं धाडधाड जमिनीवर पडली. दुसरं, तिसरं. चरात लेंडीखत निघालं, माशांची हाडं निघाली, बाकी काही नाही. मग ते विहिरीकडच्या दोघांकडे वळले तेव्हा स्पास मधे जाऊन उभा राहिला. "इथे खोदायचं तर आधी मला बाजूला करा," म्हणाला. तोन्चेवने हाडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माणसांना म्हणाला, "पुरे झालं."

ते गेल्यावर स्पास खाली बसला आणि फळं वेचत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. त्यातला शेवटचा प्रश्न वाचला आणि मी पत्र घडी करून चुलीत घालायला निघाले होते. घातलं नाही.

वास मिरच्यांना नव्हता, रुस्का. बटाट्या-अंड्यांचं सॅलड मी केलं होतं. पहाटे केलं आणि जागा नव्हती म्हणून खिडकीत ठेवलं. त्या दिवशी किती ऊन होतं! दुपारी वाढायच्या आधी मी चाखलं आणि ते जिभेला आंबट लागलं. साठ माणसं बसलेली. तोदोरच्या नावाने केलेलं टाकून कसं द्यायचं? लोक काय म्हणतील, नवऱ्याच्या चाळिसाव्याला ताटं रिकामी? मी त्यावर शेपू घातली, व्हिनेगर ओतलं आणि वाढलं. मी स्वतः खाल्लं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, कोणी काय आणलं होतं? आणि माझ्या तोंडून "मिरच्या" बाहेर पडलं. एकदा बाहेर पडल्यावर मी ते रोज बोलत गेले. बोलता बोलता मलाच खरं वाटायला लागलं. ती निघून गेली तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला मारलं असणार असं मला वाटत राहिलं, कारण तसं असतं तर तिच्या जाण्याशी माझा काही संबंध उरला नसता.

परवा देवमातेच्या सणाचं गावजेवण होतं. मेंढ्याच्या मटणाच्या कढया उतरवल्या, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, सगळे बसले. मी उभी राहिले. म्हटलं, "नायदेन आजोबांना माझ्या सॅलडने मारलं. वेलिनाच्या मिरच्या चांगल्या होत्या."

मग आजोबांची मुलगी गिना उठून माझ्याजवळ आली. तिने विचारलं, "वाढताना माहीत होतं तुला?" मी म्हटलं, "हो." तिने माझं ताट उचललं, जमिनीवर ओतलं आणि जाऊन जागेवर बसली. टेबलाच्या टोकाला स्पास होता. तो उठला, टोपी घातली आणि घरी गेला. त्या दिवशी शुक्रवार होता, तरी त्याने तुम्हाला फोन केला असेल.

आता माझ्या फाटकाशी कुणी थांबत नाही. तोन्चेवलाही मी जाऊन सांगितलं, खरं ते. तो म्हणाला, लिहून द्या. लिहून दिलं. पुढे काय करायचं ते त्यांच्या हातात.

वेलिनाला सांग, ती यायची असेल तर मी बसपाशी येईन. तिची पिशवी उचलेन. ती म्हणेल ते करेन.

केरा


बारी,
१४ सप्टेंबर २००३

केरा,

रुस्काने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. मग मी स्वतः वाचलं, दोनदा.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर खोटं होईल आणि खोटं आपल्या दोघींत पुष्कळ झालं आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते. मलाही वाटायला लागलं होतं की ते माझ्याच हातून झालं. वर्षभर मी मनात त्या बरण्या पुन्हा पुन्हा उकळल्या. किती मिनिटं ठेवल्या, झाकण नीट बसलं होतं का, कुठली मिरची डागाळलेली होती. गिना रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलायचे. नायदेन आजोबा स्वप्नात येऊन मला पाव मागायचे आणि मी द्यायचे नाही. लोक माझ्या हातचं खात नव्हते ते मला पटत होतं. मीही माझ्या हातचं नीट खात नव्हते. तू माझं नाव घेतलंस त्याचा राग एक दिवस जाईल. तू मला माझ्यावरच संशय घ्यायला लावलास, त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

गावजेवणाच्या त्या शुक्रवारी स्पासचा फोन आला होता. हुंदके देत होता. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. "तिने सांगितलं, वेलिना, सगळ्यांसमोर सांगितलं," एवढंच म्हणत राहिला.

मी ४ ऑक्टोबरला पोचणाऱ्या बसने येते. दोन आठवड्यांसाठी. म्हाताऱ्याचा मुलगा तेवढे दिवस बघेल. नंतर परत यायचं की नाही ते मी तिथे पोचल्यावर ठरवेन.

तू बसपाशी येऊ नकोस. तिथून घरापर्यंत मला स्पासबरोबर चालत जायचं आहे, दोघांनीच.

दुसऱ्या दिवशी रविवार आहे. चर्च सुटायच्या वेळेला माझ्याकडे ये. आत नाही, फाटकाबाहेरच्या बाकावर बस. सगळे तिथूनच घरी जातात. मी तुला ताट वाढून आणेन. मिरच्या असतील, बरणीतल्या. मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

ताटातलं सगळं संपवायचं. घाई करायची नाही.

वेलिना